डावा की उजवा? ठरवतो स्फटिक!

डाव्या पायात उजवी चप्पल घालून बघा. माप तेच, पण बसत नाही. काही रेणूंचंही असंच असतं. त्यांची दोन रूपं आरशातल्या प्रतिबिंबासारखी असतात, पण एकावर एक जुळत नाहीत. यालाच कायरॅलिटी म्हणतात. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल घ्या. त्याचं फक्त 'एस' रूप उपयोगी. साध्या रिअ‍ॅक्शनमध्ये मात्र दोन्ही निम्मी-निम्मी मिळतात. नको तो भाग टाकला, तर अर्धा माल वाया! मी एडवणची. तारापूर एमआयडीसीत औषधांचे बरेच कारखाने आहेत आणि तिथलं सांडपाणी प्रक्रियेनंतर समुद्रातच सोडलं जातं. त्यामुळे हा 'अर्धा' मला नुसता परीक्षेतला आकडा वाटत नाही.

एकच रूप हवं असेल तर सहसा निसर्गातला एखादा कायरल पदार्थ उसना घेतात. तो नसेल तर? इथे सोडियम क्लोरेट कामाला येतं. पाण्यात विरघळलेलं असताना त्यात डावं-उजवं काही नसतं, पण स्फटिक मात्र डावा किंवा उजवा बनतो. (मिठागरातल्या मिठाला ही सोय नाही!) द्रावण शांत ठेवलं तर दोन्ही प्रकार साधारण सारखेच मिळतात. १९९० मध्ये दिलीप कोंडेपुडी आणि सहकाऱ्यांनी ते ढवळत ठेवलं, तर एका भांड्यातले जवळजवळ सगळे स्फटिक एकाच हाताचे निघाले. पहिल्या स्फटिकाचे तुकडे उडतात, तेच बीज होतात, आणि दुसऱ्या हाताला संधीच उरत नाही. कोणता हात जिंकेल हा मात्र टॉस. आपण स्वतः बीज टाकलं तर टॉसही लागत नाही.

हा हात सेंद्रिय रेणूला देता येतो का? येतो. जपानच्या केनसो सोआई यांच्या गटाने २००० मध्ये या स्फटिकांची पूड पिरिमिडीन अल्डिहाइड आणि डायआयसोप्रोपिल झिंकच्या रिअ‍ॅक्शनमध्ये वापरली. एका हाताच्या पुडीने 'एस' अल्कोहोल, दुसऱ्या हाताच्या पुडीने 'आर', तेही ९० टक्क्यांहून जास्त जादा प्रमाणात. कारण इथे तयार झालेला पदार्थच आपल्यासारखा पुढचा पदार्थ घडवतो, अगदी विरजणासारखा.

पण ही रिअ‍ॅक्शन मोजक्याच रेणूंवर चालते, कारखान्याला तिचा थेट उपयोग नाही. मला जास्त आशा वाटते ती क्रिस्टोबल विएड्मा यांच्या २००५ च्या पद्धतीची. त्यांनी डावे-उजवे मिश्र स्फटिक द्रावणात काचेच्या मण्यांसोबत घोटत ठेवले, आणि शेवटी एकच हात उरला. विरघळलेले सेंद्रिय रेणू डाव्याचे उजवे होऊ शकत असतील, तर तिथेही हे जमतं, आणि नको असलेला अर्धा भागही हवा तसा होतो. २००९ मध्ये क्लोपिडोग्रेलच्या संश्लेषणात हे करून दाखवलं गेलं. अट एकच: दोन्ही रूपांनी वेगवेगळे स्फटिक बनवले पाहिजेत. बहुतेक पदार्थ ते करत नाहीत, एकाच स्फटिकात दोघं शेजारी बसतात. म्हणून वेगळे स्फटिक देणारा डेरिव्हेटिव्ह शोधण्यातच खरी मेहनत जाते.