समुद्राला दरवाजे : किनारी शहरांच्या संरक्षणाचा बदलता विचार

समुद्राला बांध घालण्याची विद्या जुनी आहे. परंतु किनारी शहरांपुढील आजचा प्रश्न नवा आहे. पूर्वी आजवरची सर्वांत मोठी भरती लक्षात घेतली की बांधाची उंची ठरत असे. आता समुद्राची पातळीच चढत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. या शतकाच्या अखेरीस ही वाढ अर्ध्या मीटरच्या आत राहील की एक मीटरपर्यंत जाईल, हे बऱ्याच अंशी इंधनाच्या पुढील वापरावर अवलंबून आहे. मग उंची किती धरावी? बांध वाजवीपेक्षा उंच घातला तर पैसा अडकतो. ठेंगणा ठेवला तर जीवितास धोका पोहोचतो. या पेचातून मार्ग काढण्याचा लंडन शहराचा प्रयत्न उद्बोधक आहे.

टेम्स नदीवरील योजना

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वादळी उधाण आले. त्यात इंग्लंडमध्ये किनाऱ्यावर ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर लंडनच्या रक्षणाचा विचार सुरू झाला. केवळ काठाच्या भिंती वाढवीत जाणे सोयीचे नव्हते आणि जहाजांचा मार्ग कायमचा बंद करणेही शक्य नव्हते. म्हणून वूलिच येथे ५२० मीटर रुंदीच्या पात्रात दहा दरवाजे बसविण्यात आले. काम १९७४ मध्ये सुरू झाले, १९८२ मध्ये योजना कार्यान्वित झाली आणि ८ मे १९८४ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले.

मुख्य दरवाजे एरवी नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खोबणीत आडवे असतात व जहाजे त्यांवरून जातात. उधाणाची पूर्वसूचना मिळताच, ओहोटीनंतर लवकरच, ते फिरवून उभे केले जातात. त्यामुळे वरच्या बाजूस नदीच्या पाण्याला जागा राहते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ते पन्नास वेळा मिटावे लागले. त्यांपैकी बहुतेक वेळा कारण नदीचा पूर हे होते.

आराखड्यातच बदलाची सोय

टेम्सच्या मुखप्रदेशासाठी २०१२ मध्ये शतकअखेरपर्यंतचा आराखडा जाहीर झाला. त्याने एकच बांधकाम ठरवून टाकले नाही. सध्याच्या दरवाजांत सुधारणा करणे किंवा नवी योजना उभारणे, असे पर्याय खुले ठेवले. समुद्राची पातळी, नदीचा प्रवाह, भिंतींची स्थिती अशा दहा बाबींची नोंद ठेवावयाची आणि त्यानुसार निर्णय अलीकडे किंवा पलीकडे सरकवावयाचा, हे त्याचे मुख्य सूत्र होय. २०२३ च्या फेरआढाव्यात त्याचा प्रत्यय आला : दरवाजांच्या वरच्या बाजूच्या भिंती उंच करण्याची मुदत पंधरा वर्षे अलीकडे, २०५० पर्यंत, आणण्यात आली.

असे का करावे लागले? दरवाजे वारंवार मिटावे लागले तर त्यांच्या देखभालीस सवड उरत नाही व बिघाडाचा संभव वाढतो. भिंती उंच असल्या की दरवाजे कमी वेळा मिटावे लागतात. म्हणजे दरवाजाची खरी मर्यादा त्याच्या उंचीइतकीच त्याच्या वापराच्या संख्येतही असते. व्हेनिस येथे ३ ऑक्टोबर २०२० पासून वापरात आलेल्या ७८ दरवाजांपुढेही हाच प्रश्न आहे. समुद्र जसा वाढेल तसे खाजणाचे समुद्राशी असलेले पाण्याचे दळणवळण आणि जहाजांची ये-जा अधिकाधिक वेळा थांबेल.

कोकणातील उघाडी

हे तत्त्व आपल्या कोकणाला अपरिचित नाही. खारभूमीच्या बांधातील उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर सोडते. पातळी चढत गेली की निचऱ्याला मिळणारा ओहोटीचा अवधी घटतो. पावसाचे पाणी शेतात तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीमुळे निचरा अडला होता. त्यानंतर हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी पंपांद्वारे पाणी समुद्रात सोडण्याची व्यवस्था झाली. ज्या शहराला समुद्र बाहेर रोखावयाचा आहे, त्याला आतील पाण्याचीही वाट ठेवावीच लागते.

खारजमिनींच्या विकासासाठी राज्याने १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तथापि बांधाचे आयुष्य कायद्याइतकेच नित्याच्या देखरेखीवर अवलंबून असते. बांधापुढील कांदळवन लाटांचा जोर कमी करते. त्याची तोड म्हणजे बांधालाच घाव. उधाणाचे पाणी दरवर्षी कोठवर आले, उघाडी किती वेळ वाहिली, बांध कोठे खचला, याची नोंद ग्रामपंचायतीला ठेवता येईल आणि शाळेतील मुलांना त्यात सहभागी करून घेता येईल. बांध केव्हा उंच करावा व उघाडी केव्हा रुंद करावी, हे अशा नोंदींवरूनच वेळीच कळेल. लंडनच्या आराखड्याचा आधारही अखेर अशा चिकाटीने ठेवलेल्या नोंदी हाच आहे.