आभाळ न बघता केलेली पेरणी

७ मे २०२४, सकाळचे नऊ. फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनी गावात रोपवेच्या दाराशी मी आणि माझी पत्नी उभे होतो. समोर माँ ब्लाँ दिसायला हवा होता, पण गावाच्या छपरांवर ढग येऊन टेकले होते. तिकीटखिडकीजवळच्या पडद्यावर वरच्या कॅमेऱ्यातलं थेट चित्र चालू होतं. त्यात पांढऱ्याशिवाय काहीच नव्हतं.

"अहो, उद्या गेलो तर?" पत्नी म्हणाली.

उद्या जाता येणार नव्हतं. आठ तारखेला आन्सी, नऊला लियों, अकराला परतीचं विमान. प्रत्येक रात्रीच्या खोलीचे पैसे महिनाभर आधी भरलेले. 'रद्द केल्यास परतावा नाही' अशीच खोली मी ठिकठिकाणी निवडली होती, कारण ती दोन-चारशे रुपयांनी स्वस्त पडत होती. म्हणून आम्ही वर गेलो. दोघांच्या तिकिटांचे दीडशे युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने तेरा हजारांवर रुपये, मोजून आम्ही ढगाच्या पोटात पाऊण तास उभे राहिलो आणि खाली आलो.

हे लिहायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली. पण आता आमच्या मंठा गावातूनही मुलं शिकायला, नोकरीला परदेशी जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या मागोमाग आईवडील प्रवासाचे बेत आखू लागले आहेत. माझी चूक त्यांच्या कामी यावी, एवढीच इच्छा.

का गेलो होतो

मी विज्ञानाचा शिक्षक. डॉ. होमी भाभा यांच्या नावाने होणाऱ्या बालवैज्ञानिक परीक्षेची तयारी करून घेताना दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, ते कुठे वारले?" २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँवर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा त्यांत होते. त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' कोसळलं होतं आणि ४८ माणसं दगावली होती. बोसाँ नावाची हिमनदी त्या दोन्ही अपघातांच्या खुणा अजूनही हळूहळू खाली आणून सोडते. २०१२ साली त्या बर्फातून भारत सरकारची टपालाची थैली निघाली. वर्गात हे सांगताना माझा आवाज नेहमी थोडा बदलतो. तो डोंगर एकदा डोळ्यांनी पाहायचा, हे मी फार आधी मनाशी ठरवलं होतं.

चूक कुठे झाली

पैसे बेताचे होते, म्हणून मी सगळं आधी ठरवलं. चार महिने वही घेऊन बसलो. कोणत्या तारखेला कोणती गाडी, कुठे मुक्काम, किती वाजता डोंगर, असा तासातासाचा हिशेब मांडला. २६ एप्रिलला परभणी मतदारसंघाचं मतदान झालं, आमची निवडणुकीची ड्युटी संपली. ३ मेच्या रात्री परतूरहून देवगिरी पकडली आणि मुंबईहून दुबईमार्गे ५ तारखेला लियोंला उतरलो.

तो रविवार होता. बहुतेक दुकानांची शटरं खाली. सोबतच्या धपाट्यांवर दिवस निघाला. ८ मे हा दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचा दिवस, ९ मे ही त्या वर्षीची असेन्शनची सुट्टी. मधला शुक्रवारही अनेकजण सुट्टीत जोडून घेतात. त्यामुळे आन्सीतला तळ्याचा काठ माणसांनी भरलेला होता आणि खोल्यांचे भाव चढलेले. आपल्याकडे अक्षय तृतीयेला लग्नाचं कार्यालय शोधत फिरावं, तशी ती वेळ. माझ्या वहीत गाड्यांच्या वेळा होत्या, पण त्यांच्या सणवारांचं पान नव्हतं.

शामोनीत दुसराही धक्का बसला. समोरच्या ब्रेवाँ डोंगराच्या बाजूचे रोपवे बंद होते. बर्फावरच्या खेळांचा हंगाम एप्रिलमध्ये आटोपतो आणि उन्हाळ्याचा जूनच्या मध्याला सुरू होतो. मधल्या काळात डोंगरातले बरेच रोपवे दुरुस्तीसाठी थांबवतात, कित्येक हॉटेलंही बंद असतात. वरच्या पायवाटांवर मे महिन्यात बर्फ असतोच.

आणि आम्ही रोपवेने गेलो त्या एग्वी द्यु मिदी शिखरावर त्या दिवशी पत्नीला गरगरायला लागलं. शामोनी १,०३५ मीटरवर, रोपवेचं वरचं ठाणं जवळजवळ ३,८०० मीटरवर आणि शिखर ३,८४२ मीटरवर. १९५५ पासून चालू असलेला हा रोपवे दोन टप्प्यांत, वीसेक मिनिटांत माणसाला तिथे नेऊन ठेवतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकमेकांवर ठेवले तरी एवढी उंची भरत नाही. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. हा धडा मी फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवतो, पण रात्रीचं जागरण आणि रिकामं पोट घेऊन आपल्याच माणसाला तिथे घेऊन गेलो. याची खंत मला तेरा हजारांपेक्षा जास्त आहे.

१० मेच्या रात्री आम्ही लियोंच्या खोलीत बॅगा भरत होतो. त्याच रात्री मोठ्या सौरवादळामुळे आल्प्ससकट फ्रान्समध्ये ठिकठिकाणी आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला, लाल आणि जांभळा. आम्हाला ते सकाळी समजलं. आम्ही शामोनी सोडून दोनच दिवस झाले होते.

मी मंठ्याला दादाला फोन लावला. दादा शेती बघतो, सोयाबीन आणि तूर. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "अरे, पाऊस पडल्याबिगर आपण तिफण जुपतो का? मृग निघाला म्हणून कुणी कोरड्यात बी टाकत नाही. तू तारीख बघून डोंगराला गेलास. बरं, दुबार पेरणीपुरतं बियाणं तरी मागं ठेवायचं!"

चार महिन्यांच्या वहीत जे नव्हतं, ते त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं. शहर तारखेने बघता येतं. डोंगर आभाळ बघूनच बघावा लागतो. बेताच्या पैशात प्रवास करणाऱ्याने पैशाइतकेच दिवसही राखून ठेवले पाहिजेत. मी रुपये वाचवले आणि मोकळा दिवस मात्र एकही ठेवला नाही.

आता तुमच्यासाठी

महिना. आपली उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आल्प्समधले दोन्ही बंद काळ नेमके याच सुमारास येतात. डोंगर बघायचा असेल तर जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य हाच काळ धरा. नोकरदारांनी त्यासाठी अर्जित रजा राखून ठेवावी. मे महिन्यातच जायचं असेल तर मुक्काम आन्सी किंवा ग्रनोबलसारख्या सखल जागी करा. ग्रनोबल शहर सपाटीवर आहे आणि तिन्ही बाजूंनी डोंगर. तिथला बास्तीय किल्ल्यावर नेणारा छोटा रोपवे १९३४ पासून आहे. जाण्याआधी १ मे, ८ मे, असेन्शन आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या सुट्ट्या वहीत लाल शाईने लिहा.

दिवसांची मांडणी. आठ दिवस असतील तर डोंगराच्या पायथ्याशी सलग चार रात्री एकाच खोलीत काढा. रोज गाव बदलू नका. खोली थोडी महाग पडली तरी तारीख बदलता येईल अशीच घ्या. रोपवेचं तिकीट आदल्या संध्याकाळचा हवामान अंदाज बघून काढा आणि सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघितल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका. शक्यतो पहिल्याच फेऱ्यांनी वर जा. दुपारकडे ढग जमतात. आधी एक दिवस पायथ्याशी राहा, पोटात काहीतरी असू द्या, पाणी प्या, वर सावकाश चाला. डोकं दुखलं किंवा गरगरलं तर लगेच खाली या. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी इथेच डॉक्टरांना विचारून घ्यावं. तातडीच्या मदतीसाठी युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो.

पावसाचा दिवस. तो शहरासाठी ठेवा. लियोंमध्ये सिनेमाचे जनक मानल्या जाणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या कुटुंबाच्या घरात संग्रहालय आहे. १८९५ साली कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी जिथे चित्रित केले, ती जागा शेजारीच जपून ठेवली आहे. त्यांची चलचित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि पुढे आपल्या सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा हाती घेतला. १० मेला आम्ही तिथे दोन तास रमलो. सगळ्या प्रवासात पूर्ण समाधान देणारा तोच एक दिवस.

गाड्या. वेगवान टीजीव्ही गाड्यांचे भाव दिवस जवळ येतील तसे वाढतात, त्यांचं आरक्षण लवकर करा. लियोंहून ग्रनोबल, आन्सीकडे जाणाऱ्या टीईआर या प्रादेशिक गाड्यांचं साधं तिकीट मात्र आयत्या वेळी घेतलं तरी त्याच भावात मिळतं. म्हणजे आभाळ बघून निघण्याची सोय तिथे आहे, ती वापरा. शामोनीसाठी सँ जर्व्हे इथे गाडी बदलून डोंगरातली छोटी गाडी घ्यावी लागते. मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर पाहुण्यांसाठीचं कार्ड मिळतं का ते विचारा. अशा डोंगरी गावांत त्यावर स्थानिक बसचा खर्च वाचू शकतो.

व्हिसा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. आपण दोन महिने हाताशी ठेवावेत. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करा, उतरणार जिनिव्हाला असाल तरी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आम्ही ८० युरो शुल्क भरलं, ११ जून २०२४ पासून ते प्रौढांना ९० युरो झालं. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, म्हणून विमानाचं न बदलता येणारं तिकीट व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, तो खर्चही धरा. शिक्षक, कर्मचारी यांनी परदेशी जाण्याची परवानगी आणि रजेचं पत्र यासाठी आधी अर्ज करावा; माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

खाणं. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. तेव्हा पेढे, तुपातले लाडू घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, तेलावरचे धपाटे खुशाल न्या. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या आणि शनिवारीच भाजी, ब्रेड, फळं आणून ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटल्यांवर पैसे घालवू नका.

राखीव पैसा. खर्चाचा अंदाज मांडून झाला की त्याचा दहावा हिस्सा वेगळा काढा आणि त्याला हात लावू नका. खोली बदलायला, दुसरं तिकीट काढायला तो उपयोगी पडेल. दादाच्या भाषेत, ते दुबार पेरणीचं बियाणं.

ढगात जाऊन आलो त्या दुपारी आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. थोड्या वेळासाठी ढग वर सरकला आणि बोसाँ हिमनदीचं खालचं टोक दिसलं, निळसर आणि फाटलेलं. त्याला तिकीट लागलं नाही. मी भाभांचं नाव मनात घेतलं, हात जोडले. डोंगराचा माथा मला दिसला नाही तो नाहीच.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतले दोन सहकारी त्यांच्या प्रवासाचा कागद घेऊन घरी आले. सात दिवस, पाच गावं, सगळे रकाने भरलेले. मी पेन्सिल मागितली, दोन गावं खोडली आणि मधल्या तीन रकान्यांत एकच शब्द लिहिला: मोकळा.