वेगापेक्षा कान महत्त्वाचा

प्रश्न : टायपिंगचा वेग चांगला असल्यास अंबाजोगाईत राहून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकता येईल का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : आपल्याला ते निश्चित शिकता येईल, मात्र डॉक्टरांच्या ध्वनिमुद्रित नोंदींवरून लेखी अहवाल तयार करण्याच्या या कामात वेग दुय्यम असतो, कारण ‘हायपरटेन्शन’ म्हणजे उच्च आणि ‘हायपोटेन्शन’ म्हणजे कमी रक्तदाब, आणि ऐकण्यातल्या एवढ्याशा चुकीने उपचारच उलटा होऊ शकतो. अनुभवी सहकाऱ्याने दुरुस्त केलेला अहवाल मूळ ध्वनिफितीशी ताडून पाहणे हाच खरा अभ्यास होय. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नये. जागा रिकामी ठेवून ध्वनिफितीतील वेळ नोंदवावी. रुग्णाची ओळख उघड करणारी फीत सरावासाठीही कोणाला पाठवू नये. आता पहिला मसुदा अनेकदा संगणकच करतो, म्हणून संपादनही शिकावे. नोकरीची हमी देत आगाऊ शुल्क मागणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.