काळीला विकू नकोस

नांदेड, गुरुवार

चि. छकुली,

काल रात्री तुझ्या मायचा फोन आला. म्हणाली, काळी कोंबडी चित्रीला टोचते म्हणून पोरीनं तिला काठीनं झोडपलं, पायाला सुतळी बांधून डालग्याखाली कोंडलं आणि रविवारी बाजारात नेऊन विकते म्हणून हटून बसलीय. ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. फोनवर तू नुसतं हूं हूं करतेस, म्हणून लिहायला बसलो. टपालानं हे रविवारच्या आत पोचायचं नाही, तेव्हा अहमदपूरला निघालेल्या पाव्हण्याच्या हाती देतोय. बाळा, काळीला विकू नकोस. आधी सुतळी सोड, मग पुढचं वाच.

मुंगसानं चित्रीला धरलं त्या रात्री तू जे केलंस ते मोठ्या माणसालाही जमलं नसतं. जखम लाल औषधाच्या पाण्यानं धुतलीस, हळद लावलीस, ओल्या कण्या बोटानं भरवल्यास. मी पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. पाठ एवढी फाटलेली कोंबडी लोक सरळ चुलीवर चढवतात. तू तिला उभी केलीस. पण मग पाठीवर नीट पिसं आली नसताना भरदुपारी एकटीला बाकीच्या कोंबड्यांत नेऊन सोडलीस, हे काय केलंस? एवढे दिवस दिसली नाही म्हणजे ती त्यांच्या लेखी परकी झाली. महिनाभर गावाला गेलेल्या माणसाची बसायची जागासुद्धा दुसरा घेतो, ही तर पाखरं. त्यात उघडी लाल कातडी. रक्त दिसलं की एकटी काळीच काय, साऱ्याच जणी तिथं टोचतात.

कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार हे ठरलेलं असतं. नॉर्वेतल्या थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या माणसाला लहानपणापासून कोंबड्यांचं वेड. कोण कुणाला हुसकावते, दाण्यावर आधी कोण येते, हे तो पाहून टिपून ठेवायचा. पुढं 1921 साली त्यानं ते शास्त्रात मांडलं. एका प्रशिक्षणात आम्हाला हे सांगितलं तेव्हा मला माझी आई आठवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण संध्याकाळी कोणती कोंबडी आधी दांडीवर चढणार ते ती चूल न सोडता सांगायची. तुझ्या खुराड्यात काळी वरची आहे. तिला विकलीस तर तिची जागा रिकामी राहत नाही, पांढरी आणि तांबडी त्या जागेसाठी भांडतील. चित्री खालीच राहील आणि त्या भांडणात पुन्हा मार खाईल. काठीनंही काही होत नाही. मार कशासाठी बसला हे काळीला कळत नाही, तुझी भीती तेवढी बसते.

आता करायचं ते असं. तुराट्या ढिगानं पडल्या असतील, त्यांचा एक ताटवा बांध आणि खुराड्यासमोर आडवा लाव. अलीकडं चित्री, पलीकडं बाकीच्या. दिसल्या पाहिजेत, चोच पोचता कामा नये. दाणे दोन्हीकडून ताटव्याजवळच टाक, म्हणजे शेजारी खायची सवय लागते. जखमेवर दवाखान्यातलं जांभळं औषध लाव, त्यानं लाल रंग झाकतो. पाठीवर पिसं येईपर्यंत घाई नको. मग आधी तांबडीला चित्रीच्या बाजूला सोड, ती काळीपेक्षा गरीब आहे. दोघी एकत्र चरू लागल्या की अंधार पडताना दोघींना उचलून बाकीच्यांच्या दांडीवर ठेव. रात्री कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळं भांडण होत नाही. सकाळी मात्र उजाडायच्या आत तू तिथं असायला हवंस. दाणे दोन ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी, लांब लांब. एखादी बाज आडवी उभी करून ठेव, पळणारीला आडोसा होतो. दोन-चार टोचण्या होतील, त्या होऊ दे. जीव खालीवर झाला तरी मध्ये पडू नकोस. रक्त आलं तरच उचल.

आणि काळी तरीही ऐकेना, तर ताटव्यामागं चार दिवस तिला ठेव. चित्रीला बाकीच्यांबरोबर राहू दे. काळी परत येईल तेव्हा तीच परकी असते, तोरा उतरलेला असतो. बाजारापेक्षा हे सोपं आहे.

तुझ्या मायनं उदगीरच्या कावळ्यांचा धसका घेतलाय. 2025 च्या जानेवारीत तिथं कावळे पटापट मरून पडले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू सांगितला, तेव्हापासून कोंबडी शिंकली तरी ती घाबरते. तिच्यावर ओरडू नकोस. चित्रीचं दुखणं मुंगसाच्या दाताचं आहे, साथीचं नाही. पण हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, घरघर यातलं काही दिसलं तर कुणातही मिसळू नकोस, दवाखान्यात कळव. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की मानमोडीची लस चुकवू नकोस. चित्रीला हात लावल्यावर साबणानं हात धू. आणि तिचं डालगं तुझ्या उशाशी असतं म्हणे, धाकटा तिथंच झोपतो. ते आजच ओसरीत काढ.

पण मी पुन्हा काळीवरच येतो. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या घरी सात-आठ कोंबड्या होत्या. तुझी माय तेव्हा जन्मलीही नव्हती. घरात खायला नाही तर त्यांना काय घालायचं, म्हणून आईनं दर बाजारी एकेक विकली. डालगं माझ्या डोक्यावर असायचं. मी लहान होतो, बाजाराला जायला मिळतं म्हणून मला आनंद व्हायचा. शेवटची विकून आलो त्या रात्री आईनं रिकामं खुराडं झाडून ठेवलं. पुढं पाऊस आला, ज्वारी आली, पण तिनं कोंबडी पाळली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. नोकरी लागल्यावर विचारू, असं म्हणत राहिलो, आणि ती गेली. तिला पोटासाठी विकाव्या लागल्या. तुला रागापायी विकायची वेळ नाही आलेली, बाळा.

लातूरहून परत आल्यापासून तू जेवायलाही सगळ्यांत बसत नाहीस, असं माय रडत सांगत होती. क्लासचं, मार्कांचं मी काही विचारणार नाही. परीक्षेला परत बसायचं की नाही, ते तू ठरवशील तेव्हा ठरव. घरात कुणी टोचून बोलत असेल तर मला नाव सांग, मी येऊन बोलतो. काठी उचलण्याइतका राग तुझ्यात कधी नव्हता, म्हणून मला काळीपेक्षा तुझीच काळजी लागलीय.

तरीही काळी डोळ्यांसमोर नकोच वाटत असेल तर बाजारात नेऊ नकोस, माझ्याकडं आण. अहमदपूरहून लोह्यामार्गे येणारी सकाळची गाडी पकड, डालग्यावर ओलं पोतं टाक, मी स्टँडवर उभा राहतो. मामी म्हणते चार दिवस राहायच्या बोलीवर ये. ज्वारीची भाकरी आणि वरणफळं, दोन्ही करते म्हणाली.

तुझा,
मामा