सोहोळला मदत करायचीय?

प्रश्न : मी वाशीमला कॉलेजात आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात स्वयंसेवक होता येईल का?

उत्तर : येईल. वनविभागाच्या कारंजा कार्यालयात अर्ज देऊन ठेव. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावरून प्राण्यांच्या नोंदी होतात, तेव्हा स्वयंसेवक घेतात का, तेही विचार. पण खरी गरज एरवीच्या कामांची: प्लॅस्टिक वेचणं, वणव्याची खबर देणं. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे गावात समजावणंही त्यातच आलं. गवतात निपचित पडलेलं पाडस दिसलं तर उचलू नकोस. मादीच त्याला तिथं लपवून चरायला जाते. ‘वाचवण्याच्या’ हौसेनं पाडसं आईपासून तुटतात. लांबूनच वनरक्षकाला कळव. आणि हो, सेल्फी नको.