वरणाचे पाणी नको, वरणच द्या

सहा महिन्यांच्या बाळाला वरचे अन्न म्हणून काय देता, असे अंगणवाडीत विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते: वरणावरचे पाणी. पचायला हलके म्हणून सासूबाईंनी सांगितलेले असते, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. पाणी पिवळे दिसते, चवही लागते. डाळ मात्र तळाशी राहते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते.

बाळाच्या पोटात एका वेळी मावते किती? वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट वाटीभर अन्नाने भरते. ती वाटी पाण्याने भरली, तर बाळ गप्प झोपते आणि आईला वाटते, पोट भरले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. पातळ पाण्यातून हा हिशेब जुळणे शक्य नाही. घट्ट खिचडीवर घातलेल्या एका चमचा तेलातूनच ४५ कॅलरी मिळतात!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. यामागे गरिबी आहेच, आजारपणे आहेत, आईचे स्वतःचे कुपोषणही आहे. पण घरात शिजलेले अन्न बाळापर्यंत न पोचणे हेही एक कारण आहे, आणि ते शिकवण्याने बदलते.

फक्त शिकवायचे कसे? भिंतीवरच्या तक्त्यात सफरचंद आणि द्राक्षे रंगवलेली असतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने ती बघून करायचे काय? त्यापेक्षा एखादी सेविका तांदूळ-मूगडाळीची खिचडी अंगणवाडीतच शिजवते, पळीने घोटते, तेल आणि शेंगदाण्याचा बारीक कूट घालते (अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो) आणि चमचा आईच्या हातात देते. चमचा तिरका करायचा. घास ओघळला तर पातळ झाला, चमच्यावर टिकला तर जमला. एवढे एकदा हाताने केले की पुन्हा सांगावे लागत नाही.

व्हिएतनाममध्ये १९९० च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने उलटाच प्रश्न विचारला: याच गरीब गावात काही मुले धडधाकट कशी? त्यांच्या आया भातखाचरातली बारीक कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला पोरांच्या भातात घालत होत्या. इतर घरी दोनदा जेवण, इथे थोडे-थोडे करून चारदा. पुढे बाकीच्या आयांना एकत्र बसवून हेच रांधायला शिकवले. अट एकच, येताना कोळंबी-पाला स्वतः गोळा करून आणायचा. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शेजारीण सांगते तेव्हा आई ऐकते. ऐकण्यापेक्षाही, अडले तर संध्याकाळी तिच्या दारात जाऊन विचारते.

खिचडी शिकवण्याच्या या वर्गाला आजीलाही बोलवाच. आई शेतावर किंवा ऊसतोडीला गेली की दिवसभर बाळ आजीकडे, नाहीतर थोरल्या बहिणीकडे असते. रडले की पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि चहात बुडवलेला तुकडा. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटाने भूक मरते. त्याऐवजी कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे, भाकरी कुस्करून घट्ट वरणात. अंगणवाडीतून मिळणारा आहारही बाळाच्याच वाटीत जायला हवा. मध वर्षापर्यंत नको. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवा.

जुलाब लागले की अन्न तोडतात, तेही चुकते. क्षारसंजीवनी, डॉक्टरांनी दिलेले झिंक १४ दिवस आणि जेवण, तिन्ही हवे. बरे झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्त द्या.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत किंवा आशाताईंकडून मोजून घ्या. साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, तर घरी खिचडीचे प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी मुलाला सरकारी दवाखान्यात न्या. गरज पडल्यास तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.