धावताना पोटात पाणी का ठरत नाही?

फ्रान्समधल्या शामोनीहून निघून मों ब्लाँ डोंगराला वळसा घालणारी सुमारे 170 किलोमीटरची शर्यत आहे. चढच एकूण दहा हजार मीटर. तिथे पाय धड असलेले धावपटूही पोटापायी बसतात. मळमळ, उलटी, घोटभर पाणी ठरत नाही.

धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळते, आतड्यांना कमी पडते. प्यालेले पाणी पोटात डचमळत राहते. घाबरून नुसते पाणी ढोसू नये. घामातून मीठ गेलेले असते, त्यात रक्तातले उरलेले मीठ पातळ होते. भ्रम होतो, झटकेही येतात. पायदुखीवर आयबुप्रोफेन तर नकोच. अंगातले पाणी आटलेले असताना ती गोळी मूत्रपिंडावर येते, हे नर्स म्हणून बजावून सांगते.

वेग कमी करा, सावलीत बसा. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून घोट घोट ओआरएस घ्या. साखरेच्या जोडीने आतडे मीठ ओढते, मिठामागे पाणी जाते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी कॉलऱ्याचे रुग्ण याच पाण्याने वाचवले. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या.

भरतीसाठी उन्हात धावणाऱ्या आपल्या पोरांनाही हेच लागू. धावणारा बरळू लागला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर धावणे तिथेच सोडून दवाखाना गाठा.